कॅमेरा नव्हता, वही होती

आपल्या बहुतेक घरांत भिंतीवर तथागत भगवान बुद्धांची आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर असते. त्याच भिंतीवर आपल्या आजी-आजोबांची तसबीर शोधू गेलो, तर ती फार थोड्या घरांत सापडते. असलीच तर ओळखपत्रासाठी काढलेल्या बोटभर फोटोवरून मोठी करून घेतलेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो बांधवांनी धम्मदीक्षा घेतली. त्या सोहळ्याचे फोटो आपण दरवर्षी पाहतो. व्यासपीठ दिसते, बाबासाहेब दिसतात, दूरवर पसरलेला जनसागर दिसतो. पण त्या सागरातला आपला आजोबा कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. तो तिथे होता, एवढेच आपल्याला घरातल्या माणसांकडून ऐकून ठाऊक.

याचे कारण उघड आहे. कॅमेरा पैसेवाल्याची वस्तू होती. ज्याच्या घरात दोन वेळच्या भाकरीची पंचाईत, त्याने फोटो कुठून काढावा? म्हणून सहलीला गेलो आणि कॅमेरा जवळ नव्हता, अमुक फोटो हुकला, ही गोष्ट इतरांसाठी घटकाभराची हळहळ असेल. आपल्यासाठी तिला एक मोठा इतिहास आहे. आपल्या किती पिढ्यांचा फोटो हुकलेला आहे!

मग ज्यांचा फोटो नाही, त्यांचे काय उरते? या प्रश्नाचे उत्तर मला पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावर मिळाले. वाचकांनीही सहकुटुंब जाऊन ते पाहावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

देहूरोडची धम्मभूमी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसले की आकुर्डीनंतर देहूरोड स्टेशन लागते. येथील बुद्धविहाराचे महत्त्व नव्या पिढीला नीट ठाऊक असायला हवे. १९५४ साली रंगूनला जागतिक बौद्ध परिषद भरली होती, तिला बाबासाहेब उपस्थित राहिले. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी या देहूरोडच्या विहारात स्वहस्ते केली. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. तारीखही लक्षात घेण्याजोगी आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. बरोबर सत्तावीस वर्षांनी त्याच तारखेला देहूरोडला बुद्धमूर्ती बसली. एका २५ डिसेंबरला जुने जाळले, दुसऱ्या २५ डिसेंबरला नवे उभारले.

१९९४ साली या घटनेला चाळीस वर्षे झाली. त्या वर्षी २५ डिसेंबरला रविवार होता. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाने देहूरोड आणि तिथून पुढे भाजे-कार्ले अशी एका दिवसाची सहल ठरविली. लहान-मोठी मिळून बावीस माणसे. भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या असे सगळे पिशव्यांत भरले. कॅमेरा मात्र नव्हता. वस्तीत एकच कॅमेरा होता आणि तो त्या दिवशी एका लग्नाला गेला होता. स्टुडिओवाल्याकडून भाड्याने आणावा तर अनामत रक्कम, वर छत्तीस फोटोंचा रोल, तो धुवायचे आणि छापायचे पैसे वेगळेच. तेवढ्यात चार माणसांचे तिकीट निघत होते. बायांनी हिशेब केला आणि कॅमेऱ्याऐवजी चार माणसे जास्त नेली. त्यांत एक आजी होत्या. वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यात पहिल्यांदाच फक्त फिरायला म्हणून घराबाहेर पडलेल्या.

देहूरोडला त्या दिवशी मोठी गर्दी होती. पांढरी वस्त्रे नेसलेल्या बाया, कडेवर मुले घेतलेले बाप, पंचशीलाचे झेंडे. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झाले. बाहेर येऊन झाडाच्या सावलीला बसलो, तेव्हा त्या आजी हळूच म्हणाल्या, “म्या तवा हितंच हुते.”

आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो. इतकी वर्षे शेजारी राहून ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. कुणी विचारलेच नव्हते. एक मुलगी म्हणाली, “आजी, तू बाबासाहेबांना पाहिलंस का गं?”

“पाह्यलं म्हंजे काय, माणसांच्या डोक्यावरनं जेवढं दिसंल तेवढं. मालक डेपोत हमाली करायचे. थोरला पोरगा कडंवर हुता. त्याला म्या वर उचलून धरला. म्हनलं, मला नाय दिसत तर नाय, तुला तरी दिसू दे. त्यानं पाह्यलं. म्या आवाज ऐकला.”

एवढे बोलून त्यांनी विहाराकडे पाहत हात जोडले. ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडले होते. मागे विहार, पुढे लहान मुले. ज्या जागी चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी मुलाला उचलून धरले होते, जवळपास त्याच जागी त्या बसल्या होत्या. फोटो काढण्याचा क्षण कोणता असे मला कुणी विचारले, तर मी तोच सांगेन. पण कॅमेरा नव्हता, फोटो निघाला नाही. पुढे तीनच वर्षांनी आजी गेल्या. त्यांचा तिथला फोटो आता कितीही पैसे दिले तरी मिळणार नाही. ही हानी खरी आहे. ‘मनात साठवले म्हणजे झाले’ असे सांगून ती भरून निघत नाही. मन हे काही तिजोरी नाही. पाहणाऱ्याबरोबर तेही जाते.

त्या दिवशी आमच्याबरोबर एक गुरुजी होते. त्यांच्या पिशवीत शाळेची एक दोनशेपानी वही होती. आजींचे बोलणे संपताच त्यांनी ती काढली आणि म्हणाले, “आजी, पुन्हा एकदा सांगा. जसेच्या तसे लिहून घेतो.” त्यांनी तारीख, जागा, आजींचे माहेर, सासर, मुलाचे तेव्हाचे वय, उभे राहण्याची जागा असे सगळे लिहिले. आजी म्हणाल्या, “ह्यात काय लिवायचं हाय?” गुरुजी हसले. म्हणाले, “ते तुम्हाला कार्ल्याला दाखवतो.”

भाजे: थेरांचे स्तूप

देहूरोडहून पुन्हा लोकल धरली. तळेगाव, वडगाव, कामशेत करीत गाडी मळवलीला येते. मळवली हे छोटेसे स्टेशन. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. भाज्याची लेणी आधी करावीत, कारण ती वयानेही थोरली आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून येथे खोदकाम होत आले. चैत्यगृहाचे खांब सरळ उभे नाहीत, किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत भार पेलण्यासाठी खांब तिरपे लावीत, तीच रीत कारागिरांनी दगडातही पाळली. दर्शनी भाग लाकडाचा होता, तो काळाच्या ओघात गेला. तो जिथे बसविला होता ती खोबणी तेवढी राहिली. छताच्या लाकडी फासळ्या मात्र आजही वर दिसतात.

चैत्यगृहापासून पुढे गेले की एकाजवळ एक असे चौदा स्तूप लागतात. पाच आत, नऊ बाहेर. हे येथे राहिलेल्या थोर भिक्खूंच्या स्मरणार्थ केलेले आहेत. त्यांपैकी काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. धम्मगिरी, संघदिन अशी. जवळच पाण्याच्या पोढीवर ती देणाऱ्याचे नाव आहे. त्या थेरांचा चेहरा कसा होता, आवाज कसा होता, हे जगात कुणालाही ठाऊक नाही. पण धम्मगिरी नावाचे कुणी भिक्खू या डोंगरात राहिले, त्यांनी धम्म सांगितला आणि त्यांच्यामागे लोकांनी त्यांची आठवण जपली, हे दोन हजार वर्षांनंतरही आपल्याला कळते. मुलांनी त्या नावांपुढे हात जोडले. आजींनी विचारले, “ह्यांची नावं हायेत, आन् ज्यांची नायत ते?” गुरुजी म्हणाले, “त्यांची लिहायची राहिली, आजी.”

कार्ले: चेहरे आहेत, नावे नाहीत

दुपार कलल्यावर कार्ल्याला पोहोचावे. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे उतरते ऊन आत येते. शेकडो पायऱ्या चढून जाव्या लागतात. आजींना दोन ठिकाणी बसवून, पाणी पाजून वर नेले. वर गेले की एकवीरा आईचे मंदिर आणि त्याला लागूनच चैत्यगृह. समोर चार सिंहांचा स्तंभ. हा सिंहस्तंभ महारठी गोतिपुत्र अग्निमित्रणक याने दान दिला, असे त्यावर लिहिलेले आहे. लेण्यांचे जुने नाव वलुरक.

पडवीत पाऊल टाकले की दोन्ही बाजूंच्या भिंतींना दगडी हत्ती दिसतात. दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. जवळजवळ माणसाएवढ्या, अंगाने भरदार, चेहऱ्यावर समाधान. इतका जिवंत दगड महाराष्ट्रात थोड्याच ठिकाणी पाहायला मिळेल. काही अभ्यासक त्यांना दान देणारी दाम्पत्ये मानतात, काही मानत नाहीत. याच भिंतीवर पुढच्या शतकांत बुद्धमूर्तीही कोरल्या गेल्या.

आमच्यातली मुले त्या जोड्यांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, हे कोण?” गुरुजींनी सांगितले, “कुणालाच ठाऊक नाही. चेहरा आहे, दागिने आहेत, पागोट्याची घडीन् घडी आहे. पण नाव नाही.”

मला तेव्हा घरातल्या ट्रंकेतले जुने फोटो आठवले. प्रत्येक घरात अशी एखादी पाकिटभर चित्रे असतात. लग्नातला घोळका, कुण्या परिषदेला गेलेली मंडळी, विहाराच्या पायाभरणीला उभी राहिलेली माणसे. मागे काही लिहिलेले नसते. ओळखणारे माणूस गेले की फोटो मुका होतो. नातू विचारतो, “हे कोण?” आणि आपल्याला सांगता येत नाही. म्हणजे फोटो निघूनही माणूस हरवले ते हरवलेच.

कार्ले: नावे आहेत, चेहरे नाहीत

आता चैत्यगृहाच्या आत चला. उंची सुमारे चौदा मीटर. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब, स्तूपामागे सात साधे, असे एकूण सदतीस. खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर बसलेली माणसे. छताला सागवानी फासळ्या, आणि स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा अजून टिकून आहे. त्या संध्याकाळी पिंपळपानी कमानीतून ऊन आत आले आणि खांबांची एक ओळ सोन्यासारखी उजळली. मागची ओळ अंधारात होती. सगळी मुले आपोआप गप्प झाली. तोही फोटो हुकला, हे सांगायला नकोच.

पण गुरुजी उजेडाकडे पाहत नव्हते. ते एका खांबाजवळ वाकून उभे होते. म्हणाले, “इकडे या. आजी, तुम्ही पुढे या.”

खांबावर अक्षरे होती. ब्राह्मी लिपीतली. ही लिपी लोक शेकडो वर्षे विसरले होते. जेम्स प्रिन्सेप याने १८३७ साली ती वाचली आणि मग या दगडांना वाचा फुटली. गुरुजींनी मुलांना चार अक्षरे ओळखायला शिकविली. अधिकच्या चिन्हासारखा दिसतो तो ‘क’. आडव्या रेघेवर उभी रेघ तो ‘न’. वर्तुळात टिंब असले की ‘थ’. मुले खांबाखांबावर ‘थ’ शोधू लागली. ‘थभो’ म्हणजे खांब. हा खांब अमक्याचे दान, तो तमक्याचे. कुणी धेनुकाकट गावचा यवन, कुणी सोपाऱ्याचा भिक्खू. कुणी आषाढमिता नावाची भिक्खुणी. दाराचे दान देणारा सिंहदत्त हा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. दार घडविणारा वेणुवासाचा मुलगा सामी हा सुतार, त्याचेही नाव तिथे आहे. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी मोठा सावकार होता, त्याने हे लेणे सबंध जंबुद्वीपात उत्तम असल्याचे लिहून ठेवले. पण त्याच दगडावर सुतारालाही जागा मिळाली. ज्या धम्मात जन्मावरून माणसाची उंची मोजत नाहीत, त्याचा पुरावा याहून वेगळा काय हवा?

मग गुरुजींनी वहीतून एक नाव वाचले. “भायिला.”

आजींनी विचारले, “ही कोन?”

“महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई. तिने इथे दान दिले. तेवढेच लिहिले आहे.”

“घरचीच बाई हाय म्हना की.”

“हो. तुमच्यासारखीच.”

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “गुरुजी, सकाळी लिवलं त्यात माजं नाव नीट घातलं का? का नुसतं अमक्याची आई म्हून लिवलं?”

गुरुजींनी वही उघडून दाखविली. आजींना वाचता येत नव्हते. एका मुलीने त्यांचे बोट धरून त्यांच्या नावावर ठेवले. त्या बोटाने त्यांनी ते नाव दोनदा चाचपले, जसे मुले खांबावरची अक्षरे चाचपायला पाहत होती. ते नाव मी इथे देत नाही. ते त्यांच्या घरच्यांचे आहे. गुरुजींनी ते पान सुवाच्य अक्षरात उतरवून त्यांच्या मुलाला दिले. आज त्यांच्या नातवाच्या घरी ते काचेच्या चौकटीत लावलेले आहे. घरात आलेला प्रत्येक माणूस ते थांबून वाचतो. फोटोपुढे इतका वेळ कुणी थांबते की नाही, मला शंका आहे.

आता खिशात कॅमेरा आहे

त्या सहलीला तीस वर्षे होऊन गेली. आता परिस्थिती पार बदलली. ज्याच्या हाती मोबाईल, त्याच्या हाती कॅमेरा. रोलची चिंता नाही, धुण्याचा खर्च नाही. ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्या लेकराबाळांचे चेहरे आता हरवणार नाहीत. गरिबाच्या घरातही आजीचा हसरा फोटो निघतो, ही छोटी क्रांती नव्हे. कॅमेरा वाईट, जुने दिवस चांगले, असले रडगाणे आपण गाऊ नये. ज्यांना कॅमेरा सहज मिळत होता, त्यांनी ते गावे.

पण मी अलीकडे कार्ल्याला गेलो की पाहतो. तरुण मंडळी भराभर येतात. हत्तीपाशी फोटो, खांबाला टेकून फोटो, स्तूपापुढे फोटो. दहा मिनिटांत शंभर फोटो होतात आणि मंडळी पायऱ्या उतरू लागतात. ज्या खांबाला टेकून ती उभी राहिली, त्यावर कुणाचे नाव आहे हे पाहायचे राहून जाते. सोबत आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘आजी, हसा’ असे सांगतात. पण ‘आजी, सांगा’ असे म्हणत नाहीत. कॅमेरा नसल्याने आमचा एक फोटो हुकला. कॅमेरा असल्यामुळे त्यांची आजी हुकू नये, एवढीच माझी तळमळ आहे.

म्हणून कुटुंबासह लेणी पाहायला निघणाऱ्या भगिनी-बांधवांना काही सुचवावेसे वाटते. मोबाईल जरूर न्या. पण पिशवीत एक वही आणि पेन्सिलही टाका. घरातले वडीलधारे माणूस सोबत न्या, पायऱ्या हळूहळू चढा. शिलालेखाचा फोटो समोरून झोत टाकून काढला तर अक्षरे पुसट येतात. बॅटरीचा उजेड बाजूने, तिरपा धरा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ती उठून दिसतात. अक्षरांना हात लावू नका, त्यांवर खडू फिरवू नका, पाणी टाकू नका. दोन हजार वर्षे टिकलेले आपल्या हातून जायला नको. मुलांना एक तरी नाव वहीत उतरवायला लावा. आणि घरी आल्यावर प्रत्येक फोटोखाली कोण, कुठे, केव्हा हे लिहा. विहारात एक वही ठेवा. तुमच्या वस्तीतल्या ज्या वृद्धांनी नागपूर पाहिले, बाबासाहेबांचा आवाज ऐकला, त्यांच्यापैकी आता थोडेच उरले आहेत. त्यांच्याकडे या आठवड्यातच जा, पुढच्या वर्षीवर ढकलू नका. आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि वर त्यांचे स्वतःचे नाव घाला. अमक्याची आई, तमक्याची पत्नी एवढ्यावर थांबू नका.

भायिलेला कुणी पाहिलेले नाही. तरी ती आहे, कारण कुणीतरी तिचे नाव विचारले आणि दगडावर कोरले. आपल्याला दगड नको, छिन्नी नको. एका वहीचे पान पुरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!